आजचे मनन: एकच बाप्तिस्मा, आणि आमच्या घरातले दोन

वाचन: योहान १७:२०-२३; इफिस ४:१-६; १ करिंथ १:१०-१७



आजचं मनन लिहायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. योहान १७ वर मी पूर्वी दोनदा लिहिलंय आणि दोन्ही वेळा हात राखून लिहिलंय. ऐक्यावर बोलणं सोपं असतं, कारण कोणी विरोध करत नाही. "आपण सगळे एक आहोत" असं म्हटलं की सगळे आमेन म्हणतात आणि आपापल्या मंडळीत परत जातात. आज मात्र घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय हा अध्याय उघडता येणार नाही.

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पप्पांनी कागदपत्रं ठेवलीत: घराची, नोकरीची, आणि त्यांत माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला. मी चाळीस दिवसांचा असताना नगरकडच्या आमच्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मग पप्पांना नागोठण्याला कारखान्यात नोकरी लागली, आम्ही कासूला राहायला आलो, आणि तो दाखला ट्रंकेतून आमच्याबरोबर आला.

चोवीसाव्या वर्षी, इंजिनियरिंग संपवून नवी मुंबईत नोकरीला लागल्यावर, मी एका नव्या फेलोशिपमध्ये जाऊ लागलो. तिथे मला खरंच प्रभू भेटला, हे मी आजही नाकारणार नाही. वचन वाचायची भूक तिथे लागली. तिथल्या भावांनी शिकवलं की बाप्तिस्मा विश्वास ठेवल्यानंतरच घ्यायचा आणि पूर्ण पाण्यात घ्यायचा. मी नदीत बाप्तिस्मा घेतला आणि घरी येऊन नंतर सांगितलं. पप्पा काही बोलले नाहीत. ते उठले, ट्रंक उघडली, दाखला काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "मग हा कागद कशाचा?"

मी जे उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "पप्पा, तो बाप्तिस्मा नव्हताच. डोक्यावर पाणी घातलं, बस."

त्यानंतर कित्येक वर्षं पप्पा आणि मी एका टेबलावर जेवलो, पण प्रभुभोजन एकत्र घेतलं नाही.

आता वचनाकडे येऊ.

योहान १७ ही प्रार्थना आहे हे आपण विसरतो. आपण ती आज्ञेसारखी वाचतो, "एक व्हा!" अशी. पण त्या रात्री येशू शिष्यांकडे वळून बोलत नाही, तो पित्याकडे बघून बोलतो. शिष्य बाजूला बसून ऐकताहेत. लूक २२:२४ वाचा, त्याच रात्री त्याच जेवणाच्या वेळी त्यांच्यात वाद चालला होता की आपल्यातला मोठा कोण. म्हणजे येशूने ही विनंती आदर्श शिष्यांसाठी केलेली नाही. भांडणाऱ्यांसाठी, आणि भांडण नुकतंच चालू असताना केली. विसाव्या वचनात तो आणखी पुढे जातो. फक्त या शिष्यांसाठी नाही, यांचं बोलणं ऐकून जे पुढे विश्वास ठेवतील त्यांच्यासाठीही मागतो. त्यात कासूही आलं. मी आलो, पप्पा आले.

आणि कारण काय देतो? जगाने विश्वास ठेवावा म्हणून. आपलं बरं चालावं म्हणून नाही. आमच्या गल्लीतले लोक बायबल वाचत नाहीत, पण रविवारी सकाळी एकाच घरातून बाप एका दिशेला आणि मुलगा दुसऱ्या दिशेला जातो, हे ते वाचतात. एकदा शेजारच्या काकांनी मला सहज विचारलं, "तुमचे देव वेगवेगळे आहेत का रे?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. कामाला उशीर होतोय म्हणून मी स्टेशनकडे निघालो.

आता इफिस ४. पौल तिथे ऐक्य "तयार करा" म्हणत नाही, "राखा" म्हणतो. हा फरक छोटा नाही. जे आधीच आहे तेच राखता येतं. आत्म्याने ते दिलंय, आपल्याकडे ते सांभाळायचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारी हत्यारंही पौल आधीच सांगून ठेवतो: नम्रता, सौम्यपणा, सहनशीलता, प्रेमाने एकमेकांना वागवून घेणं. मग तो सात गोष्टी मोजतो ज्या प्रत्येकी एकच आहेत: शरीर, आत्मा, आशा, प्रभू, विश्वास, बाप्तिस्मा, आणि सगळ्यांचा देव व पिता.

सहावी गोष्ट बघा. आमच्या घरातलं भांडण नेमकं त्या सहाव्या गोष्टीवर होतं, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू हेच वचन वापरत होत्या. पप्पा म्हणायचे, बाप्तिस्मा एकच आहे, मग तू दुसरा कसा घेतलास? मी म्हणायचो, बाप्तिस्मा एकच आहे आणि तो खरा तोच जो मी घेतला. ऐक्याच्या वचनानेच आम्ही एकमेकांना बाहेर काढत होतो.

अशा भांडणात आपण पहिले नाही. या बाबतीत आपल्या महाराष्ट्राचा इतिहास माहीत असायला हवा, पण आपल्या मंडळ्यांत तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे नगर जिल्ह्यात मोठं काम केलं. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. त्यानंतर काही दशकांनी अँग्लिकन मंडळींची एस.पी.जी. ही संस्थाही नगर जिल्ह्यात आली. मग त्याच तालुक्यांत, त्याच जातभाईंमध्ये, दोन प्रकारचे ख्रिस्ती झाले. माझे आजोबा सांगायचे की सोयरिक जुळवताना प्रश्न यायचा, "तुम्ही अमेरिकन मिशनचे की एसपीजीचे?" विचार करा. बोस्टन आणि लंडनमधले जे वाद आपल्या लोकांना कोणी धड समजावूनही सांगितले नव्हते, त्यांच्यावरून शेवगाव-नेवाशाकडच्या पोरींची लग्नं अडायची.

हा गोंधळ ज्यांनी सर्वात स्पष्ट ओळखला त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन सिस्टरांच्या सहवासात त्यांचा आणि त्यांच्या लहान मुलीचा बाप्तिस्मा झाला. पण लवकरच त्यांना दिसलं की ख्रिस्ती लोकांत हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट असे कितीतरी तट आहेत आणि प्रत्येकजण आपलंच खरं म्हणतो. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज पुस्तकरूपात उपलब्ध आहे. त्यात रमाबाई पुनःपुन्हा सांगतात की त्या ख्रिस्ताला बांधील आहेत, एखाद्या पंथाच्या अधिकाराला नाही. संस्कृत शास्त्रांत वाढलेली ही बाई एका पुरोहितशाहीतून निघून दुसरीत जायला तयार नव्हती. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं तेव्हा तिथे त्यांनी कुठल्याच पंथाचा शिक्का ठेवला नाही.

ना. वा. टिळकांचं तर घरच फुटलं होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात काय वादळ आलं ते स्मृतिचित्रे वाचलेल्यांना मी सांगायला नको. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं मोजा. टिळक बोलायला कवी, रागाला शीघ्र, पण बायकोच्या बाबतीत त्यांना थांबावं लागलं. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य येऊ शकत होते. १९१९ मध्ये टिळक वारले, दरबार फार पुढे गेला नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य म्हणायचं का, यावर माझं स्वतःचं मत टिळकांइतकं मोकळं नाही. पण एक सांगतो. त्या माणसाने बाप्तिस्म्याची किंमत स्वतःच्या संसारातून मोजली होती, त्यामुळे तो बाप्तिस्मा स्वस्त करत होता असं मला म्हणवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे नागपूरकडे.

१९२९ मध्ये लखनौला काही मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. प्रश्न एकच होता, उत्तर भारतातल्या मंडळ्या एक होऊ शकतील का? (दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ ला झालंसुद्धा.) उत्तरेकडे चर्चा चालू राहिली. मसुदा लिहिला, बदलला, पुन्हा लिहिला. एकीकरणाच्या योजनेची चौथी सुधारित आवृत्ती १९६५ ला निघाली. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नागपुरात ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपण जिला सीएनआय म्हणतो ती मंडळी, जन्माला आली. एकेचाळीस वर्षं लागली! आमच्या फेलोशिपला फुटायला एक मिटिंग पुरली होती.

सहा मंडळ्या त्यात आल्या: अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रेगेशनल यांची आधीच झालेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. नगरची अमेरिकन मिशनची मंडळी आणि एसपीजीची मंडळी त्या दिवशी कागदावर एक झाली. आजोबा सांगायचे, पाटी बदलली, बाकं तीच राहिली.

पण या सहांच्या यादीत कुठली अडचण दडलीय ते पाहा. अँग्लिकन आणि प्रेसबिटेरियन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स देत नाहीत, ते विश्वास कबूल केलेल्यालाच पाण्यात बुडवतात. आणि ब्रदरन, ज्यांचं काम गुजरातेत आणि आपल्या डहाणूकडे होतं, ते तर तीनदा बुडवतात, त्रैक्याच्या प्रत्येक नावाला एकदा. माझं आणि पप्पांचं भांडण या लोकांच्या टेबलावर होतं, आणि आमच्यासारखं दोन माणसांचं नाही, लाखो माणसांचं.

त्यांनी काय केलं? त्यांनी एकाला खोटं आणि दुसऱ्याला खरं ठरवलं नाही. दोन्ही पद्धती मान्य केल्या. आईबाप बाळाचा बाप्तिस्मा करून घेऊ शकतात आणि ते बाळ मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करेल. किंवा आईबाप बाळाचं समर्पण करू शकतात आणि ते मोठं होऊन विश्वासाने बाप्तिस्मा घेईल. ज्या पाळकाला विवेकामुळे बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. पाण्याचा क्षण वेगळा असेल, पण दोन्ही वाटांवर देवाची कृपा आणि माणसाची कबुली या दोन्ही गोष्टी आल्याच पाहिजेत.

सेवकांच्या दीक्षेचा प्रश्न याहून अवघड होता. अँग्लिकनांना वाटे की बिशपने हात ठेवल्याशिवाय दीक्षा पूर्ण नाही. बाकीच्यांना वाटे की आम्ही आधीच दीक्षित आहोत, पुन्हा हात कशाला? शेवटी उद्घाटनाच्या वेळी सगळ्या परंपरांच्या सेवकांवर हात ठेवले गेले आणि प्रार्थना अशी केली की ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं. कोणाला काय कमी आहे हे माणसांनी जाहीर केलं नाही. काही लोकांनी तेव्हाही म्हटलं की ही पळवाट आहे, शब्दांची चलाखी आहे. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा तसंच वाटलं, आमच्या धंद्यात संदिग्ध स्पेसिफिकेशन म्हणजे पुढच्या रविवारी रात्री येणारा फोन. आता वाटतं की "तुझ्यात काय कमी आहे ते मला माहीत आहे" हे वाक्य न बोलणं यालाच इफिस ४ मध्ये नम्रता म्हटलंय.

कामातलंच एक उदाहरण देतो, इंजिनियर वाचकांना पटकन कळेल. दोघांनी एकाच फाइलमधली एकच ओळ बदलली की गिट मर्ज करायला नकार देतं. कॉन्फ्लिक्ट दाखवतं आणि थांबतं. तेव्हा सर्वात सोपं बटण असतं, "माझंच ठेव". नवीन मुलं तेच दाबतात आणि दुसऱ्याचं आठवड्याचं काम पुसलं जातं. नीट करायचं तर त्या माणसाला फोन करावा लागतो, "तू ही ओळ का बदललीस?" कित्येकदा कळतं की तो एक बग दुरुस्त करत होता जो मला दिसलाच नव्हता. पप्पांना मी असा फोन कधी केला नव्हता. मी "माझंच ठेव" दाबलं होतं. (उदाहरण इथेच सोडतो. दोन्ही ओळी ठेवल्या तर प्रोग्राम चालतोच असं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.)

नागपूरची गोष्ट गोड करून सांगायची नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी, जिचे मराठी सभासद मुंबई-पुण्यात भरपूर आहेत, ती शेवटपर्यंत चर्चेत होती आणि १९७० मध्येच, अगदी दारातून, मागे फिरली. १९८१ पासून ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहे. माझी बायको त्याच मंडळीतली. गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ ला त्याचा निकाल लागला. म्हणजे ऐक्याची उपासना झाली तरी जमिनीचे सातबारे एक होतातच असं नाही. आणि कॅथलिक भाऊबहिणी तर या हिशेबात आल्याच नाहीत. आपल्याच रायगडात कोर्लईला पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आहे, तिची स्वतःची पोर्तुगीज वळणाची बोली आहे. आमच्यापैकी किती जणांनी तिथल्या चर्चची पायरी चढलीय? मी कोर्लईचा किल्ला चारदा पाहिला, चर्चमध्ये एकदाही गेलो नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल मात्र आमच्या घरी आहे. एका कॅथलिक धर्मगुरूने केलेलं भाषांतर पप्पा रोज संध्याकाळी वाचतात, आणि कठीण वचन आलं की रमाबाईंचं भाषांतर शेजारी उघडून ठेवतात.

करिंथकरांस पत्राबद्दल थोडं. पौलाला ख्लोवेच्या माणसांकडून कळतं की मंडळीत तट पडलेत. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, आणि कोणी म्हणतो मी ख्रिस्ताचा. हा चौथा गट मला पूर्वी बरोबर वाटायचा. आमची फेलोशिप हेच म्हणायची, आमचा पंथ नाही, आम्ही फक्त येशूचे. पण पौल त्यांनाही त्याच यादीत बसवतो! "आम्ही फक्त ख्रिस्ताचे" हे वाक्य दुसऱ्याला "तू नाहीस" असं सांगायला वापरलं की तोही एक पंथच झाला, फक्त पाटी न लावलेला.

पुढे पौल म्हणतो की मी तुमच्यातल्या क्रिस्प आणि गायसाशिवाय कोणाला बाप्तिस्मा दिला नाही हे बरंच झालं. मग त्याला आठवतं, अरे हो, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता. आणि त्यापलीकडे आणखी कोणाला दिला का, ते आठवत नाही म्हणतो. हा भाग मला फार आवडतो. एवढा मोठा प्रेषित, त्याने बाप्तिस्म्यांचं रजिस्टर ठेवलेलं नाही. बाप्तिस्मा त्याच्या लेखी हलका होता म्हणून नव्हे, रोम ६ वाचलेला कोणी असं म्हणणार नाही. पण कोणाच्या हातून झाला, या गोष्टीला त्याने डोक्यात जागा दिली नाही. आणि "स्तेफनाचं घर", म्हणजे त्यात लेकरं होती का? बाळ-बाप्तिस्मावाले म्हणतात होती, आमच्या फेलोशिपवाले म्हणायचे लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही हे खरं आहे. होती किंवा नव्हती, दोन्ही लिहिलेलं नाही.

लॉकडाउनमध्ये माझं काम घरून सुरू झालं आणि मी कासूला परत आलो. तोवर ती फेलोशिपही दुभंगली होती, शिकवणुकीवरून नाही, हॉलच्या भाड्याच्या हिशेबावरून. बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना सुरू झाली. पेण आणि नागोठण्याहून मिळून चार-पाच घरं येतात. एक कॅथलिक नर्स आहे, एक पेन्टेकॉस्टल जोडपं, बाकी आम्ही. गाणी सगळ्यांना सगळ्यांची येतात, ही गोष्ट पहिल्याच बुधवारी लक्षात आली.

एका बुधवारी सगळे गेल्यावर पप्पा आणि मी अंगणात बसलो होतो. रुळांवरून कोकणाकडे जाणारी एक्सप्रेस धडधडत गेली, कासूला ती थांबत नाही. पप्पा म्हणाले, "ही गाडी रोह्यापर्यंत मध्य रेल्वेची आणि तिथून पुढे कोकण रेल्वेची. आतल्या माणसाला कळतं का?" मी म्हटलं नाही कळत. मग ते म्हणाले, "पण आमच्या वेळी मनमाडला औरंगाबादकडे जायचं तर गाडी बदलावीच लागायची. रुळांची रुंदीच वेगळी. सामान डोक्यावर घेऊन पळायचं." थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "तुझं-माझं रोह्यासारखं आहे की मनमाडसारखं, हे मला कळलं नाही बाळा."

मलाही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण कळलेलं नाही. काही फरक फक्त हद्दीचे असतात, पाटी बदलते आणि गाडी तशीच पुढे जाते. काही फरक रुळांच्या रुंदीचे असतात, तिथे डोळे मिटून गाडी पुढे नेली तर ती घसरेल. येशू प्रभू आहे का, तो मेला आणि उठला का, हे रुंदीचे प्रश्न. बाप्तिस्म्याचं वय आणि पाण्याची खोली? ज्यांना तोही रुंदीचा प्रश्न वाटतो ते मूर्ख नाहीत, कित्येकांनी त्यासाठी छळ सोसलाय. पण नागपूरला जमलेल्या त्या लोकांनी एकेचाळीस वर्षं रूळ मोजले आणि म्हटलं, रुंदी एकच आहे. मी ते मोजलंच नव्हतं. मी डब्याचा रंग बघून बोललो होतो.

त्या रात्री मी पप्पांची माफी मागितली. नदीत घेतलेल्या बाप्तिस्म्याबद्दल नाही. तो मी घेतला, विश्वासाने घेतला, आणि तो चुकीचा होता असं मी म्हटलं नाही. पप्पांनीही तशी अपेक्षा केली नाही. मी माफी मागितली त्या एका वाक्याची, "डोक्यावर पाणी घातलं, बस" याची. कारण त्या दिवशी मंडळीत उभं राहून चाळीस दिवसांच्या पोराला देवाच्या हाती देताना माझा बाप रडला होता, आईने मला हे नंतर सांगितलं. ते रडणं "बस" नव्हतं. माझा विश्वास चोवीसाव्या वर्षी नदीत सुरू झाला असं मी साक्षीत सांगायचो. आता सांगताना मी त्या दिवसापासून सुरुवात करतो.

पप्पा म्हणाले, "बरं." आमच्याकडे याहून जास्त बोलत नाहीत.

त्यानंतरच्या महिन्यात आम्ही एकत्र प्रभुभोजन घेतलं. त्यांचा हात थरथरतो म्हणून प्याला मी धरला.

हे सगळं आजच लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आम्हाला मुलगी झालीय, अडीच महिन्यांची आहे. बायकोला तिचा बाप्तिस्मा करायचाय, तिच्या माहेरी तसंच होतं. माझा विवेक अजून समर्पणाकडे झुकतो, तिने मोठं होऊन स्वतः पाण्यात उतरावं असं वाटतं. पूर्वीचा मी असतो तर वचनांची यादी काढून बसलो असतो. या वेळी आम्ही दोघं नागपूरच्या योजनेतला बाप्तिस्म्याचा भाग शेजारी बसून वाचला, आणि मग तिने मला विचारलं, "तुला नक्की भीती कसली वाटते?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवा. ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून येईन."

अजून ठरलेलं नाही. कृपया आमच्यासाठी प्रार्थना करा.

प्रार्थना: पित्या, तुझ्या पुत्राने त्या रात्री आमच्यासाठी मागितलं, तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो. ज्यांना आम्ही "हा खरा नाही" असं म्हटलंय त्यांची नावं आज आम्हाला आठवू दे. त्यांच्याकडे जायला पाय दे आणि तिथे पोचल्यावर कमी बोलायला शिकव. नगरच्या, नागपूरच्या, कोर्लईच्या आणि कासूच्या तुझ्या लेकरांना तूच राख. आमच्या छोटीला तुझ्या हातात ठेवतो, पाणी आज असो की वीस वर्षांनी. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचे वाचन: १ करिंथ ११:१७-३४. मेजावर आधी जेवून घेणारे आणि उपाशी राहणारे.